ड्रमसेट लावताना खालचे हेड आधी

पुण्यात तबला सुरात लावणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मैफल सुरू होण्यापूर्वी तबलावादक हातोडीने गजऱ्यावर हलके ठोके देत एकेक घर तपासतो, मग त्याच्या समोरचे घर तपासतो, गरज वाटली तर गट्टा सरकवतो, आणि हे चालू असताना श्रोते निमूट बसून राहतात. त्याच शहरात फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमीत, हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात किंवा एखाद्या बँडच्या सरावाच्या खोलीत असलेला ड्रमसेट मात्र दुकानातून ज्या अवस्थेत आला त्याच अवस्थेत वर्षानुवर्षे वाजवला जातो. टॉमचा, म्हणजे सेटमधल्या काठीने वाजवायच्या घुमणाऱ्या ड्रमचा, आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येऊ लागला की त्यावर चिकटपट्टी लावली जाते, आणि तेवढ्याने भागले नाही तर सेटच स्वस्तातला आहे असे ठरवून टाकले जाते. वास्तविक काळजीपूर्वक लावलेला मध्यम किमतीचा सेट हा न लावलेल्या महागड्या सेटपेक्षा चांगला वाजतो. त्यासाठी लागते ती चौकोनी तोंडाची एक लहानशी ड्रम की, थोडा निवांत वेळ आणि ताणलेला पडदा, म्हणजे हेड, कसा कंप पावतो याची जुजबी समज.

ही समज तारेपासून सुरू केलेली बरी. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वरही वाजतात, आणि ते पूर्ण पटीत असल्यामुळे कानाला सर्व मिळून एकच स्पष्ट सूर ऐकू येतो. गोल पडद्याचे तसे नसते. सर्वत्र सारख्या जाडीचा गोल पडदा कंप पावतो तेव्हा मूळ स्वराच्या वरचे स्वर सुमारे १.५९, २.१४, २.३० आणि २.६५ पटींवर येतात, म्हणजे एकही पूर्ण पटीत बसत नाही. तबल्याला सूर असतो तो शाईमुळे. मध्यभागी थरांनी चढवलेल्या या वजनामुळे वरचे स्वर मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्ण पटींत येऊन बसतात, ही गोष्ट सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह आणि पुढे १९३४ मध्ये अधिक विस्ताराने मांडली. ड्रमसेटच्या हेडवर शाई नसते. त्यामुळे टॉमकडून तबल्याच्या चाटेसारखा शुद्ध सूर मागणे व्यर्थ आहे. त्याच्याकडून अपेक्षा करायची ती एका ठळक खालच्या स्वराची आणि त्यावर न भांडता विरत जाणाऱ्या वरच्या स्वरांची.

हे भांडण नेमके कोठून येते, ते एकदा कळले की पुढची बरीचशी कृती आपोआप समजते. हेडच्या कंपनाचा एक महत्त्वाचा प्रकार असा असतो की मधोमध एक स्थिर रेषा राहते आणि तिच्या एका बाजूचा अर्धा भाग वर जातो तेव्हा दुसऱ्या बाजूचा अर्धा भाग खाली जातो. ही रेषा वर्तुळात कोणत्याही दिशेने असू शकते. ताण सगळीकडे सारखा असेल तर ती कोणत्याही दिशेने असली तरी स्वर एकच येतो. पण हेड ताणणाऱ्या कडेच्या स्क्रूंपैकी एका बाजूचे दोन जास्त आवळलेले असतील तर एका दिशेचा स्वर किंचित चढा आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेचा किंचित उतरता होतो. हे दोन अगदी जवळचे स्वर एकाच वेळी वाजले की आवाजात हेलकावे ऐकू येतात, तानपुऱ्याच्या जोडाच्या दोन तारा नीट मिळालेल्या नसताना येतात तेच हे. टॉम वाजवल्यावर ‘वाँव-वाँव’ करीत आवाज डोलत राहतो त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते, आणि त्यावर चिकटपट्टी हा इलाज नाही, कारण ती हेलकाव्यांबरोबर चांगला आवाजही दाबून टाकते.

आता साहित्याकडे पाहू. आजची हेड पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मची असतात. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ती बाजारात आली आणि तोपर्यंत वापरात असलेली जनावराच्या कातड्याची हेड मागे पडली. टॉमवर वाजवण्याच्या बाजूला साधारणतः १० मिलचे एकपदरी हेड लावतात, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग किंवा सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे, अथवा ७ मिलच्या दोन पदरांचे दुपदरी हेड लावतात. एकपदरी हेड मोकळे, लांब वाजते आणि हलक्या हातालाही उत्तर देते. दुपदरी हेड लवकर विरते, खालचा स्वर ठळक ठेवते आणि जोरदार वादनात जास्त टिकते. खालच्या बाजूला बहुधा एकपदरी हेड असते, आणि स्नेअरच्या, म्हणजे खालच्या बाजूला तारा लावलेल्या ड्रमच्या, खालचे हेड तर अवघे ३ मिल जाडीचे, बोटाने जोरात दाबले तरी खराब होईल इतके नाजूक असते. नवा सेट घेणाऱ्याला माझा सल्ला असा राहील की उरलेले पैसे आणखी एका सिंबलवर घालवण्याऐवजी आधी हेड बदलून घ्यावीत, कारण स्वस्त सेटबरोबर येणारी हेड हाच त्याचा सर्वांत कच्चा भाग असतो.

जुने हेड काढल्यावर शेलची (ड्रमच्या पोकळ नळकांड्याची) कड, म्हणजे जिच्यावर हेड टेकते ती धार, एकदा तपासून घ्यावी. तिच्यावरून बोट फिरवले तर खाच किंवा उंचवटा लगेच कळतो. याहून खात्रीची पद्धत म्हणजे शेल स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या सपाट ग्रॅनाइटवर उपडा ठेवायचा, दिवा मालवायचा आणि शेलच्या आत मोबाइलचा टॉर्च लावून बाहेरून पाहायचे. कडेखालून कोठे उजेडाची फट दिसली तर तेथे कड खाली गेलेली आहे, आणि तेथे हेड कधीच नीट बसणार नाही. अशी कड घरी कानस घेऊन सुधारण्याच्या फंदात पडू नये. रिम, म्हणजे हेड दाबून धरणारी कडी, वाकलेली नाही ना, हेही त्याच ओट्यावर ठेवून पाहता येते. स्क्रू पुसून त्यांच्या आट्यांना मशीनच्या तेलाचा एखादा थेंब द्यावा. आटा अडखळत असेल तर आवळताना हाताला लागणारा जोर हेडच्या ताणाचा नसून गंजाचा असतो आणि अंदाज पार चुकतो.

सुरुवात खालच्या हेडपासून करावी. बहुतेक जण नेमके उलटे करतात, कारण वरचे हेड डोळ्यांसमोर असते आणि काठीचा मारही त्याच्यावरच पडतो. परंतु आवाज किती लांबेल, तो गोल वाटेल की कोरडा, स्वर स्थिर राहील की घसरेल, हे ठरवण्यात खालच्या हेडचा वाटा मोठा असतो, आणि ते एकदा नीट बसले की वरच्या हेडशी खेळायला मोकळीक मिळते. ड्रम मऊ चादरीवर किंवा सतरंजीवर ठेवावा, म्हणजे दुसऱ्या बाजूचे हेड वाजत नाही आणि एका वेळी एकाच हेडचा आवाज ऐकू येतो.

हेड आणि रिम चढवून सर्व स्क्रू आधी नुसत्या बोटांनी, जेवढे फिरतील तेवढे फिरवावेत. त्यानंतर ड्रम कीने एका स्क्रूला अर्धा वेढा, मग त्याच्या थेट समोरच्या स्क्रूला अर्धा वेढा, मग शेजारच्या जोडीकडे, अशा समोरासमोरच्या क्रमाने जावे. शेजारीशेजारी आवळत गेल्यास हेड एका बाजूला ओढले जाते आणि नंतर ते मध्यावर आणताना त्रास होतो. सुरकुत्या गेल्या की तळहाताने मध्यभागी चांगला दाब द्यावा. काही हेडमधून या वेळी कडकड असा आवाज येतो. तो कडेच्या रिंगमधल्या डिंकाचा असतो, हेड फाटल्याचा नव्हे. या दाबामुळे हेड शेलच्या कडेवर ठाम बसते, नाहीतर ते पहिल्या दोन-तीन गाण्यांत बसत जाते आणि लावलेला स्वर उतरतो. स्नेअरच्या खालच्या हेडला मात्र असा दाब कधीही देऊ नये.

यानंतरचे काम कानाचे. प्रत्येक स्क्रूपासून साधारण एक इंच आत, काठीच्या टोकाने किंवा ड्रम कीने हलकी टिचकी मारावी आणि हेडच्या मध्यभागी दुसऱ्या हाताचे बोट अलगद टेकवून ठेवावे. बोटामुळे मूळ खालचा स्वर दबतो आणि मघाशी पाहिलेला, हेडचे दोन भाग करणारा स्वर स्वच्छ ऐकू येतो. सर्व स्क्रूंपाशी तो एकसारखा यायला हवा. तबलावादक प्रत्येक घराचा सूर मिळवतो ते हेच काम, फक्त तबल्याला १६ घरे असतात आणि १२ इंची टॉमला बहुधा ६ स्क्रू. एक बारकावा ध्यानात ठेवावा: एखाद्या स्क्रूपाशी स्वर उतरलेला वाटला तर दोष त्याच स्क्रूत असेल असे नाही, तो समोरच्या स्क्रूतही असू शकतो, कारण एका टोकाचा ताण वर्तुळभर पसरतो आणि सर्वाधिक तो समोर जाणवतो. एकाच स्क्रूचा पिच्छा पुरवण्याऐवजी जोडीने ऐकावे आणि पाव वेढ्याहूनही कमी फिरवत जावे.

स्वर फार चढला असेल तर तो थेट खाली आणून थांबू नये. आधी गरजेपेक्षा थोडा जास्त उतरवावा, मध्यभागी हलका दाब द्यावा आणि मग आवळत हव्या त्या जागी यावे. सैल करताना आट्यात व रिमखाली घर्षणामुळे काही ताण अडकून राहतो आणि तो वादनाच्या ओघात केव्हातरी सुटतो. खालून वर आलेला ताण जागचा हलत नाही. बाजारात हेडचा ताण मोजणारे डायल मिळतात आणि टिचकीची कंपनसंख्या दाखवणारी मोबाइल अ‍ॅपही आहेत. गोंगाटाच्या मंचावर डायलचा उपयोग होतो हे खरे, पण शिकताना तरी कानानेच लावावे असे मला वाटते, कारण डायल काटा दाखवतो आणि हेलकावा दाखवत नाही.

खालचे हेड समतोल झाले की तीच सगळी प्रक्रिया वरच्या हेडवर करायची, आणि येथे खरी गंमत सुरू होते. दोन हेडच्या मध्ये शेलमध्ये हवा कोंडलेली असते. काठी पडल्यावर वरचे हेड खाली जाते, हवा रेटली जाते आणि खालचे हेडही बाहेरच्या दिशेने ढकलले जाते. दोन्ही हेड एकाच दिशेने हलतात तेव्हा हवा फारशी दाबली जात नाही आणि खालचा, घुमणारा स्वर मिळतो; ती एकमेकांच्या विरुद्ध हलतात तेव्हा मधली हवा स्प्रिंगचे काम करते आणि अधिक चढा स्वर मिळतो. म्हणजे दोन हेड वेगवेगळी वाजत नाहीत, ती एकमेकांत गुंतलेली एक जोडी म्हणून वाजतात, आणि म्हणूनच वरचे हेड अजिबात न हलवता फक्त खालचे फिरवूनही सबंध ड्रमचा स्वर बदलतो.

या जोडीतले नाते तीन प्रकारचे असू शकते. दोन्ही हेडचा स्वर एकच ठेवला तर कंपनाची ऊर्जा दोघांमध्ये सहज ये-जा करते आणि आवाज सर्वांत लांबतो; शांत, मोकळ्या वादनासाठी हे सुंदर लागते, पण भरगच्च गाण्यात एकेक ठोका पुढच्या ठोक्यावर सांडू लागतो. खालचे हेड वरच्यापेक्षा चढे ठेवले तर आवाज आवरता, नेमका होतो. खालचे हेड उतरे ठेवले तर आवाज खोल येतो आणि ठोक्यानंतर स्वर किंचित खाली घसरल्यासारखा वाटतो. या घसरण्यामागे आणखी एक कारण असते: जोरात मारल्यावर हेड क्षणभर जास्त ताणले जाते, त्यामुळे स्वर चढा सुरू होतो आणि कंपन ओसरताच खाली येतो, हेड जितके सैल, तितका हा उतार अधिक जाणवतो. माझी स्वतःची पसंती टॉमसाठी खालचे हेड वरच्यापेक्षा साधारण कोमल गंधाराइतके चढे ठेवण्याकडे आहे, म्हणजे वरच्या हेडवरच्या टिचकीला षड्ज मानले तर खालच्यावर कोमल गंधार यावा. हा नियम नव्हे, सुरुवात करायला सोयीची जागा आहे.

नाते ठरल्यावर सबंध ड्रम वर-खाली न्यायचा असेल तर दोन्ही हेडचे सर्व स्क्रू सारख्याच प्रमाणात फिरवावेत, म्हणजे ते बिघडत नाही. मग प्रश्न येतो कोणत्या स्वरावर थांबायचे. टॉममध्ये एकमेकांपासून शुद्ध मध्यमाचे अंतर, म्हणजे ४:३ हे प्रमाण, फार चांगले लागते, कारण एका टॉमवरून दुसऱ्यावर जाताना उतरण स्पष्ट ऐकू येते. त्यासाठी ट्यूनर हवाच असे नाही. बँडमध्ये गिटार असतेच. मिळवलेल्या गिटारच्या सर्वांत जाड तीन मोकळ्या तारा सुमारे ८२, ११० आणि १४७ हर्ट्झच्या असतात आणि त्यांच्यात नेमके हेच अंतर असते. १६ इंची फ्लोअर टॉम पहिल्या तारेशी, १२ इंची टॉम दुसरीशी आणि १० इंची तिसरीशी जुळवावा. हे जुळवताना ड्रम सतरंजीवरून उचलून दोन्ही हेड मोकळी ठेवावीत आणि ठोका मध्यभागी मारावा, कडेपाशी नव्हे. कडेची टिचकी कितीतरी वरचा स्वर देते. गिटार नसेल आणि घरात हार्मोनियम असेल तर मंद्र सप्तकातली पांढरी तीन, पांढरी सहा आणि तिच्या वरची पांढरी दोन धरावी, सप्तक वेगळे पडले तरी स्वर ओळखू येतो.

या आकड्यांत एक छान योग दडलेला आहे. हेडचा प्रकार आणि ताण सारखाच ठेवला तर पडद्याचा स्वर व्यासाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, आणि १६ भागिले १२ म्हणजे बरोबर ४:३. म्हणून १२ आणि १६ इंचाच्या टॉमला हाताला सारखाच वाटणारा ताण दिला तर मध्यमाचे अंतर जवळपास आपोआप मिळते. १० आणि १२ इंचाचे प्रमाण ६:५ आहे, म्हणजे कोमल गंधार, त्यामुळे लहान टॉमला मध्यमापर्यंत न्यायला ताण जवळजवळ पावपट जास्त लागतो, कारण स्वर ताणाच्या वर्गमुळाने वाढतो. १२ आणि १३ इंचाची जोडी असलेल्या जुन्या सेटमध्ये तर व्यासातून येणारा फरक एका अर्ध्या स्वराहून थोडाच जास्त असतो, आणि दोन टॉम वेगळे ऐकू यावेत यासाठी एकाला बराच चढवावा आणि दुसऱ्याला बराच उतरवावा लागतो. असे टॉम ‘सारखेच वाजतात’ ही तक्रार नेहमीची आहे. ती वाजवणाऱ्याची चूक नसून भूमितीची देणगी आहे.

स्नेअरला वेगळे शास्त्र लागते, कारण त्याचे काम घुमणे नसून तडकणे आहे. खालचे पातळ हेड चांगले ताणलेले हवे, म्हणजे तारांना झटपट उत्तर देते. ते सैल असेल तर तारा ठोक्यानंतरही खरखरत राहतात. तारा ज्या ठिकाणी शेलच्या कडेवरून जातात तेथे कड मुद्दाम किंचित खाली घेतलेली असते, त्यामुळे त्या भागात हेडवर सुरकुती दिसली तर घाबरून तेवढेच स्क्रू पिळत बसू नयेत. तारा आधी सोडून हेड लावावे, मग तारा घट्ट करत न्याव्यात आणि हलक्या ठोक्यालाही त्या बोलू लागल्या की थांबावे. त्यापुढे आवळल्यास हेड गुदमरते आणि आवाज आखडतो. टॉम वाजवल्यावर स्नेअर आपोआप खरखरतो, ही जवळपास प्रत्येक सेटची कुरबुर आहे. टॉमचा स्वर स्नेअरच्या हेडच्या एखाद्या स्वराशी जुळला की असे होते, म्हणून दोहोंपैकी एक थोडा सरकवून पाहावा, किंवा खालच्या हेडवर तारांच्या दोन्ही टोकांलगतचे स्क्रू थोडे सैल करावेत. खरखर पूर्ण जात नाही, आणि गाणे सुरू झाल्यावर ती कोणाला ऐकूही येत नाही.

पायाने वाजवायच्या बास ड्रमबद्दल थोडक्यात सांगता येते: दोन्ही हेड सुरकुत्या जाण्याच्या जेमतेम वर ठेवावीत, आत घडी घातलेली जुनी गोधडी दोन्ही हेडना किंचित स्पर्श करील अशी ठेवावी, आणि पुढच्या हेडला मायक्रोफोनसाठी चार-पाच इंचांचे भोक असल्यास ते मधोमध नसून बाजूला असावे.

दाबण्याच्या साधनांचा, म्हणजे जेलच्या गोळ्या, रिंगा आणि चिकटपट्ट्या यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. ड्रमरच्या कानापाशी जो किणकिणाट त्रासदायक वाटतो तो दहा-बारा फुटांवर बराच विरलेला असतो, आणि गिटार व कीबोर्ड सुरू झाल्यावर तर त्याचाच उपयोग ठोका गर्दीतून पुढे यायला होतो. म्हणून एकदा दुसऱ्या कोणाला वाजवायला बसवून स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ऐकावे. पुण्यातल्या सरावाच्या खोल्या बहुतांशी फ्लॅटमधल्या लहान, चौकोनी, उघड्या भिंतींच्या असतात. तेथे भिंतीवरून परतणारा आवाज ड्रमचा समजून ड्रमलाच चिकटपट्ट्या लावल्या जातात, आणि मग तोच सेट मोठ्या मंचावर मेल्यासारखा वाजतो. खोलीत आधी पडदा आणि सतरंजी टाकून पाहावी, आणि तरीही गरज वाटलीच तर कडेजवळ जेलचा एक छोटा तुकडा पुरतो.

हवामानाची काळजी ढोल-ताशा पथकांना जितकी असते तितकी ड्रमसेटला नसते. भाद्रपदातल्या ओल्या हवेत कातड्याचे पान उतरते, पॉलिएस्टर मात्र ओल शोषत नाही; त्यामुळे पावसाळ्यात जपायचे ते लाकडी शेलला आणि गंजणाऱ्या स्क्रूंना. उन्हाचे तसे नाही. एप्रिलच्या दुपारी उघड्या लॉनवर मांडलेल्या सेटची हेड तापून ताण थोडा उतरतो, म्हणून तेथे सकाळी लावलेला सेट संध्याकाळी कार्यक्रमापूर्वी पुन्हा ऐकून घ्यावा. रिमवर मार बसणाऱ्या स्नेअरचे वादकाजवळचे दोन स्क्रू इतरांच्या आधी सैल होतात, त्यामुळे वेळ अगदीच कमी असेल तर निदान तेवढे दोन तपासावेत. वरच्या हेडवर मध्यभागी खळगा दिसू लागला, किंवा पांढरा लेप घासून खालची फिल्म उघडी पडली, की ते हेड कितीही काळजीपूर्वक लावले तरी समतोल होत नाही आणि ते बदलावेच लागते. खालची हेड मात्र काठीचा मार खात नसल्यामुळे त्याहून बराच काळ टिकतात.